विहीर उभी राहते कशी? तेलाच्या इतिहासातील भिंतीची गोष्ट

१/
तेलाच्या इतिहासातील चित्रे पाहिली, तर एक दृश्य पुन्हा पुन्हा भेटते : लाकडी मनोरा, त्याच्या माथ्यावरून आकाशात उसळलेली काळी धार आणि दूर उभी राहून ती पाहणारी माणसे. त्या चित्रात विहीर मात्र दिसत नाही. जमिनीखाली शेकडो फूट गेलेले, जेमतेम वीतभर रुंदीचे ते भोक इतका काळ ढासळले कसे नाही, हा प्रश्नही त्यामुळे सहसा कोणी विचारीत नाही. या धाग्याचा विषय तोच प्रश्न आहे.

२/
मराठी मुलखात विहीर खणणाऱ्याला हा प्रश्न नवा नाही. माती आणि मुरूम असेल तेथवर विहीर दगडांनी बांधून काढावी लागते. खाली काळा पाषाण लागला की बांधकाम थांबते, कारण कातळ स्वतःच्या बळावर उभा राहतो. आज बोअर घेणारा शेतकरीही पाणी किती फुटांवर लागले याच्या जोडीने केसिंग किती फूट लागले हे विचारतो. वरची जमीन जितकी कच्ची, तितका खर्च अधिक. जे ६० फुटांवर खरे आहे, तेच ६ हजार मीटरवरही खरे आहे. फक्त तेथे चुकीची किंमत मोठी असते.

३/
मूळ कारण साधे आहे. जमिनीखालचा खडकाचा प्रत्येक तुकडा वरच्या थरांचा भार सोसत, शेजाऱ्यांना टेकून उभा असतो. भोक पाडणे म्हणजे त्यातला एक शेजारी काढून घेणे. त्याने पेललेला भार आता भोकाच्या काठावरच्या खडकावर येतो. खडक मजबूत असेल तर तो भार पेलतो. नसेल तर चुरडतो आणि आत घसरतो. म्हणून खोल जाणे ही खोदकामाची अर्धीच विद्या होय. केलेली पोकळी सांभाळणे ही उरलेली अर्धी, आणि ती माणसाला बहुतांशी बुजलेल्या, फसलेल्या विहिरींनी शिकवली आहे.

४/
या विद्येचा एक जुना धडा चीनच्या सिचुआन प्रांतात सापडतो. झिगोंग परिसरात मिठासाठी जमिनीखालचे खारे पाणी उपसले जाई. अकराव्या शतकात, सोंग राजवटीच्या काळात, तेथील कारागिरांनी रुंद विहिरी सोडून अरुंद तोंडाच्या खोल विहिरी पाडायला सुरुवात केली. जड लोखंडी अवजार दोरीला टांगून ते वरखाली आपटत आणि खडक फोडत. वरच्या भागात मोठ्या बांबूंच्या आतली पेरे फोडून केलेल्या नळ्या एकीला एक जोडून उतरवल्या जात. त्या नळ्यांमुळे वरचे गोडे पाणी आत येत नसे आणि कच्ची भिंतही धरली जाई. याच परंपरेतील शेनहाई विहीर १८३५ मध्ये १ हजार मीटरांपलीकडे पोहोचली. तिच्यातून खाऱ्या पाण्यासोबत नैसर्गिक वायूही मिळाला.

५/
आधुनिक तेलउद्योगाची सुरुवात मात्र सहसा अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या टायटसव्हिल या गावापासून सांगितली जाते. १८५८ मध्ये सेनेका ऑइल कंपनीने एडविन ड्रेक याला तेथे पाठवले. तो रेल्वेतला माजी कंडक्टर होता. सैन्याशी त्याचा संबंध नव्हता. तरीही गावावर छाप पडावी म्हणून कंपनीच्या लोकांनी त्याच्या नावाच्या पत्रांवर ‘कर्नल’ लिहिले, आणि इतिहासात तो कर्नल ड्रेकच राहिला. ऑइल क्रीक नावाच्या ओढ्याकाठी पाण्यावर तेलाचा तवंग येत असे. तेल खाली आहे हे गावाला ठाऊक होते. ते वर आणायचे कसे, एवढेच ठाऊक नव्हते.

६/
आधी माणसे लावून खड्डा खणण्याचा प्रयत्न झाला. ओढ्याकाठची ती जमीन वाळू आणि गोट्यांची होती. खणावे तसे पाणी भरे आणि बाजू कोसळत. मग मिठाच्या विहिरी पाडण्याचा अनुभव असलेला लोहार विल्यम स्मिथ, ज्याला सगळे अंकल बिली म्हणत, कामावर आला. वाफेचे यंत्र आणि आपटून खडक फोडणारे अवजार जोडले गेले. तरीही पहिल्या काही फुटांतच भोक पुन्हा पुन्हा बुजू लागले. अवजार उत्तम होते, चालवणारा जाणकार होता. अडत होते ते भिंतीपाशी.

७/
ड्रेकने काढलेला उपाय हीच त्याची खरी कामगिरी होय. त्याने १०-१० फुटांचे ओतीव लोखंडी नळ मागवले आणि जड लाकडी ठोकळ्याच्या घावांनी ते एकावर एक जमिनीत ठोकून बसवले. ३२ फुटांवर खडक लागला. त्यानंतर अवजार नळाच्या आतून खाली सोडून खडकात खोदकाम सुरू झाले. वाळू, गोटे, पाणी सारे नळाच्या बाहेर राहिले. दिवसाला जेमतेम ३ फूट प्रगती होई. गावकरी या उद्योगाला ड्रेकचा वेडेपणा म्हणत. कंपनीचे पैसे संपत आले, तेव्हा मित्रांच्या हमीवर कर्ज काढून त्याने काम चालू ठेवले.

८/
२७ ऑगस्ट १८५९ रोजी, साडेएकोणसत्तर फुटांवर अवजार एका भेगेत घसरले आणि त्या दिवसाचे काम थांबले. दुसऱ्या दिवशी, रविवारी, अंकल बिलीने नळात डोकावून पाहिले तर तेल वर आलेले होते. काम आटोपते घेण्याचा निरोप देणारे कंपनीचे पत्र त्या सुमारास वाटेवर होते, असे सांगितले जाते.

ठोकून बसवलेल्या नळाचे पेटंट ड्रेकने घेतले नाही. त्याची युक्ती सर्वांनी उचलली. त्याचे स्वतःचे पैसे पुढे सट्ट्यात बुडाले. १८७३ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्याने त्याला वार्षिक १,५०० डॉलरांचे निवृत्तिवेतन मंजूर केले. त्याच्या आधारावर १८८० पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, तो जगला.

९/
ड्रेकच्या नळाला एक मर्यादा होती. नळ ठोकून किती खोल नेणार? वरची कच्ची जमीन ३०-४० फुटांची असेल तर ठीक. शेकडो फूट नुसती वाळूच असेल तर काय? हा प्रश्न टेक्सासमध्ये, ब्यूमाँट गावाजवळच्या स्पिंडलटॉप या बुटक्या टेकाडावर उभा राहिला. त्या टेकाडाखाली तेल आहे असा स्थानिक गृहस्थ पॅटिलो हिगिन्स याचा वर्षानुवर्षांचा आग्रह होता. त्याचे प्रयत्न वाळूने हाणून पाडले. पुढे अँथनी लुकास हा अभियंता आला. आजच्या क्रोएशियात जन्मलेला, पूर्वी ऑस्ट्रियाच्या आरमारात असलेला हा माणूस मिठाच्या भूमिगत घुमटांचा जाणकार होता. त्याची पहिली विहीरही ५७५ फुटांवर थांबली.

१०/
ऑक्टोबर १९०० मध्ये लुकासने कोर्सिकाना येथील हॅमिल बंधूंना बोलावले. त्यांच्याकडे रोटरी यंत्र होते. त्यात अवजार आपटत नाही, फिरते. पोकळ नळातून पाणी खाली सोडले जाते आणि ते खडकाचा चुरा घेऊन नळाबाहेरून वर येते. स्पिंडलटॉपच्या जाड वाळूत ही पद्धतही अडली. सोडलेले पाणी वाळूतच जिरून जाई आणि वर काही येईना. पाणी गेले की भिंतीला आतून असलेला आधारही जाई, वाळू सरके आणि नळ अडकत.

११/
मग हॅमिल बंधूंनी साध्या पाण्याऐवजी गढूळ पाणी वापरून पाहिले. टेकाडाजवळ खणलेल्या डबक्यात गुरे हाकून चिखल तयार केला, ही हकीकत तेलाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. हा चिखल पंपाने विहिरीत गेला आणि वाळू स्थिरावली. पावसाळ्यापूर्वी घराच्या भिंती सारवणाऱ्या कोणालाही यातली निम्मी गोष्ट लगेच समजेल. चिखलातले पाणी वाळूत शिरू पाहते. मातीचे बारीक कण मात्र वाळूच्या कणांमधल्या फटींत अडकतात आणि भिंतीवर एक पातळ, घट्ट साय धरते. ती साय धरली की पाणी जिरणे थांबते.

१२/
उरलेली निम्मी गोष्ट वजनाची आहे. साय धरल्यावर विहीर चिखलाने काठोकाठ भरलेली राहते. त्या उभ्या स्तंभाचे वजन भिंतीवर आतून दाब देते. खणताना काढून टाकलेल्या खडकाची जागा जणू या द्रवाने घेतलेली असते. खडकाइतका भक्कम शेजारी तो नव्हे. तरी भिंतीला टेकायला काहीतरी असते. ड्रेकने भिंतीला लोखंडाचा आधार दिला होता, हॅमिल बंधूंनी द्रवाचा दिला. नळ जेथे पोहोचू शकत नाही तेथे द्रव पोहोचतो.

१३/
येथे एक दुरुस्ती आवश्यक आहे. चिखलाची युक्ती स्पिंडलटॉपवर एकाएकी जन्माला आली, असे अनेकदा लिहिले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. पोकळ नळातून पाणी सोडून चुरा वर आणण्याची पद्धत फ्रान्समध्ये फोव्हेल याने १८४५ मध्ये पेर्पिन्याँ येथे वापरली होती. पाण्यात माती, कोंडा असे पदार्थ मिसळून भिंतीला लेप द्यावा, ही कल्पना अमेरिकेतील चॅपमन याच्या १८८७ च्या पेटंट-अर्जात आढळते. हॅमिल बंधूंचे श्रेय शोधाचे नाही. अडचणीच्या जागी ती युक्ती निर्णायकपणे चालवून दाखवली, हे त्यांचे श्रेय आहे.

१४/
१० जानेवारी १९०१. खोली १ हजार फुटांच्या थोडी पुढे गेली होती. नवे पाते लावून नळ पुन्हा खाली सोडला जात असताना विहिरीतून चिखल उकळल्यासारखा वर येऊ लागला. पाठोपाठ टनावारी वजनाचे नळ मनोऱ्यातून वर फेकले गेले. क्षणभर शांतता पसरली. मग चिखल, वायू आणि शेवटी तेल. धार दीडशे फुटांहून उंच गेली. दिवसाला सुमारे १ लाख पिंपे तेल वाहत असल्याचा अंदाज तेव्हा बांधला गेला, आणि ती धार आवरायला ९ दिवस लागले.

१५/
जगाने या दृश्याला विजय म्हटले, आणि तेलाच्या बाजारपेठेच्या दृष्टीने तो विजय होताच. खोदकामाच्या दृष्टीने पाहिले तर ते हुकलेल्या तोलाचे चित्र आहे. चिखलाने वाळूची भिंत धरली होती. परंतु खालच्या खडकातल्या वायूचा आणि तेलाचा दाब त्या स्तंभाच्या वजनाहून अधिक निघाला. म्हणजे चिखलाला दोन कामे करायची असतात : भिंतीला टेकू द्यायचा आणि खडकाच्या रंध्रांत कोंडलेल्या द्रवाला रोखायचे. पहिले काम साधले म्हणून दुसरे साधेलच असे नाही.

१६/
दोन्ही कामे वजनावर अवलंबून, म्हणून चिखल जड करणे ओघाने आले. लुइझियाना राज्यातील मन्रो वायुक्षेत्रात विहिरी अनावर होण्याचे प्रकार वाढले, तेव्हा राज्याच्या संधारण विभागातील बी. के. स्ट्राउड याने १९२० च्या दशकाच्या आरंभी चिखलात जड खनिजांची पूड मिसळून पाहिली. आधी लोहाची संयुगे, नंतर बराइट. बराइट पाण्याच्या चौपटीहून अधिक जड, तरीही मऊ आणि रासायनिकदृष्ट्या शांत; पंपांची झीज कमी करणारे. १९२६ मध्ये स्ट्राउडला त्याचे पेटंट मिळाले. पुढे बेंटोनाइट ही फुगणारी माती आली, आणि तिच्यामुळे जड पूड तळाशी न बसता चिखलात तरंगत राहू लागली.

१७/
थोडे आकडे येथे उपयोगी पडतील. १ हजार मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तळाशी सुमारे १०० वातावरणांइतका दाब देतो. तेवढ्याच जाडीच्या खडकाचा भार सुमारे २३० वातावरणांइतका असतो. विहिरीतला चिखल या दोहोंच्या मध्ये कोठेतरी ठेवावा लागतो. मग चिखल जितका जड तितका बरा, असे का म्हणू नये? कारण भिंत दोन प्रकारे मोडते. दाब कमी पडला तर ती आत ढासळते. दाब अधिक झाला तर ती बाहेर फाटते.

१८/
फाटलेल्या भिंतीत चिखल शिरतो आणि दूरवर वाहून जातो. विहिरीतली पातळी उतरते, स्तंभाचे वजन घटते. जी भिंत जास्त दाबाने फाटली, तिच्याच वरचा भाग आता कमी दाबाने ढासळू शकतो, किंवा एखाद्या थरातला वायू संधी साधून आत येतो. द्रवाच्या दाबाने खडक कसा आणि कोणत्या दिशेने फाटतो, याचा पाया हबर्ट आणि विलिस यांनी १९५७ च्या निबंधात घातला : ज्या दिशेने खडकावर सर्वांत कमी दाब असतो, तिच्याशी काटकोनात भेग उघडते. चिखलाच्या वजनाला अशा रीतीने वरून आणि खालून मर्यादा पडल्या. त्या दोन मर्यादांमधल्या जागेला ड्रिलर खिडकी म्हणतात.

१९/
भिंत आत का ढासळते याचे गणित त्याहून जुने होते, पण तेलाच्या विहिरींसाठी मांडलेले नव्हते. १८९८ मध्ये जर्मन अभियंता किर्श याने भोक पाडलेल्या पत्र्यावर बल लावल्यास काय होते ते सोडवून दाखवले. एकाच दिशेने बल लावले, तर भोकाच्या काठावरील विशिष्ट दोन बिंदूंवर ते तिप्पट होते. पृथ्वीच्या पोटातही दाब सर्व दिशांनी सारखा नसतो. उत्तर-दक्षिण दाब अधिक असेल, तर गोल विहिरीच्या पूर्व आणि पश्चिम भिंतींवर सर्वाधिक ताण येतो. तेथले कपचे उडतात आणि वर्तुळाचे लंबवर्तुळ होते.

२०/
अशा लांबट झालेल्या विहिरी तेलकंपन्यांच्या नोंदींत कितीतरी होत्या. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात एकमेकींपासून दूर असलेल्या विहिरी एकाच दिशेने लांबट का होतात, याचे स्पष्टीकरण बेल आणि गॉफ यांनी १९७९ मध्ये दिले : ही खुणेची भाषा आहे, आणि ती भूकवचातील दाबाची दिशा सांगते. खोदकामातला दोष भूविज्ञानाचा पुरावा ठरला. १९८६ मध्ये सुरू झालेल्या जागतिक ताण-नकाशाच्या प्रकल्पाला अशा नोंदींचा मोठा उपयोग झाला. त्याच १९७९ मध्ये ब्रॅडली याने तिरप्या विहिरींचे गणित मांडले. सरळ विहिरीत सुरक्षित असलेले चिखलाचे वजन, त्याच थरात तिरके जाताना अपुरे पडू शकते. एकाच तळावरून चहूबाजूंना तिरप्या विहिरी पाडणाऱ्या सागरी उद्योगासाठी हे ज्ञान निकडीचे होते.

२१/
येथवर भिंत केवळ बळाने मोडत होती. शेल या खडकात ती रसायनानेही मोडते. तेलासाठी खोदल्या जाणाऱ्या थरांत सर्वाधिक वाटा शेलचा असतो, आणि भिंतीच्या तक्रारींतही तोच पुढे असतो. त्याचा स्वभाव विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या मातीवरून ओळखता येतो. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगून त्या मिटवते. तिच्यावर बांधलेल्या घराच्या भिंतींना तडे जातात. हे ज्या गटातील चिकणखनिजांमुळे होते, तीच खनिजे अनेक शेलांत असतात. चिखलातले पाणी प्यायले की असा शेल फुगतो, मऊ होतो आणि सुटून पडतो.

२२/
शेलचे खरे संकट म्हणजे तो वेळ घेतो. खणताना भिंत नीट उभी असते. चिखलाचा दाब आणि पाणी तिच्या सूक्ष्म रंध्रांत हळूहळू पाझरत राहतात, आणि कित्येक तासांनी किंवा दिवसांनी, यंत्र बरेच खाली गेल्यावर, वरची भिंत नळावर कोसळते. म्हणून चिखलात पोटॅशियमचे क्षार घालून फुगणे आवरणे, किंवा पाण्याऐवजी तेलावर आधारित चिखल वापरणे, असे उपाय आले. तेलाचा चिखल महाग आणि पर्यावरणाला त्रासदायक. तरी अवघड शेलमध्ये अनेकदा त्याच्याशिवाय निभाव लागत नाही.

२३/
आणखी काही कारणे थोडक्यात. मिठाचा थर काकवीसारखा संथ वाहतो आणि भोक हळूहळू आवळत आणतो. गरम खडकात थंड चिखल गेला की भिंत आकुंचन पावते, आणि अधिक सहज फाटू शकते. नळ वेगाने वर ओढला तर खाली क्षणभर पिचकारीसारखी ओढ निर्माण होऊन दाब घटतो; वेगाने खाली सोडला तर दाब वाढतो. म्हणजे चिखलाचे वजन अचूक असूनही यंत्रावरच्या माणसाची घाई भिंत मोडू शकते. खिडकी रुंद असेल तर एवढे चालून जाते. ती अरुंद असेल तर काय होते, याचे अलीकडचे उदाहरण मेक्सिकोच्या आखातात आहे.

२४/
खोल समुद्रात खिडकी मुळातच अरुंद असते. तळावरचा भार मोजताना वरचा दीड किलोमीटर खडकाचा नसून पाण्याचा असतो. त्यामुळे खालचा खडक तुलनेने कमी दाबाने फाटतो. रंध्रांत कोंडलेल्या द्रवांचा दाब मात्र बराच असू शकतो. उपाय एकच : खिडकी संपत आली की लोखंडी केसिंग उतरवून तेवढी भिंत कायमची झाकायची आणि पुढे अधिक अरुंद भोक पाडायचे. दुर्बिणीच्या नळ्यांसारखी ही विहीर प्रत्येक टप्प्यावर बारीक होत जाते. टायटसव्हिलचा नळ येथेही आहे, फक्त एकात एक असा अनेकदा.

२५/
बीपी कंपनीची मॅकोंडो विहीर सुमारे ५ हजार फूट पाण्याखाली होती. मार्च २०१० मध्ये तेथे एकदा खालचा द्रव आत शिरला, नळ अडकला आणि बाजूने नवी वाट काढावी लागली. एप्रिलमध्ये, १८ हजार फुटांपलीकडे, उलट संकट आले : भिंत फाटून चिखल खडकात जाऊ लागला. फटी बुजवणारे पदार्थ सोडून गळती थांबवली गेली. योजना २० हजार फुटांपलीकडे जाण्याची होती. खिडकी इतकी अरुंद उरली होती की १८,३६० फुटांवर खोदकाम थांबवण्यात आले.

२६/
ते थांबणे शहाणपणाचेच होते. नाजूक भिंतीची छाया पुढच्या निर्णयांवरही पडली. सिमेंट भरताना भिंत पुन्हा फाटू नये म्हणून नायट्रोजनमिश्रित हलके सिमेंट, बेताच्या प्रमाणात आणि बेताच्या वेगाने सोडले गेले. त्या सिमेंटने विहीर बंद केली नाही. दाबाच्या चाचणीचा अर्थ चुकीचा लावला गेला. २० एप्रिल २०१० च्या रात्री वायू वर आला, डीपवॉटर होरायझन या यंत्रनौकेवर स्फोट झाला आणि ११ कामगार मृत्युमुखी पडले. तेल ८७ दिवस समुद्रात वाहत राहिले. दुर्घटनेची कारणे अनेक होती आणि त्यांतली कित्येक माणसांच्या निर्णयांतली होती. तथापि त्या निर्णयांना जागा किती उरली होती, हे ठरवण्यात भिंतीचा वाटा मोठा होता.

२७/
ही विद्या आता केवळ तेलापुरती राहिलेली नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने हादरलेल्या कोयना परिसरात, तेथील भूकंपांचे मूळ समजून घेण्यासाठी गोठणे गावाजवळ ३ किलोमीटर खोल वैज्ञानिक विहीर २०१७ मध्ये पूर्ण झाली. तिने सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा सह्याद्रीचा काळा पाषाण ओलांडून खालच्या ग्रॅनाइटवर्गीय खडकात प्रवेश केला. तेथे कोणाला तेल नको आहे. खोलवरचा खडक कसा आहे आणि त्यावर दाब किती व कोठून येतो, हे जाणणे हाच हेतू आहे. अशा कामात विहिरीची भिंत ही वाचण्याची वस्तू होते.

२८/
आज गणित आहे, संवेदक आहेत, क्षणाक्षणाचा दाब पडद्यावर दिसतो. तरीही यंत्रतळावर एक जुने काम अजून चालते. वर आलेला चिखल थरथरणाऱ्या चाळणीवर पडतो, आणि एक माणूस त्यात उरलेले खडकाचे तुकडे उचलून पाहतो. पात्याने कापलेले तुकडे लहान असतात. भिंतीतून सुटलेले मोठे. लांबट, कुसळासारखे तुकडे कोंडलेल्या दाबाची सूचना देतात. कोनेदार कपचे ताणाने चुरडणाऱ्या भिंतीचे असतात. सपाट, फरशीसारखे तुकडे आधीच भेगाळलेल्या थराचे असतात.

२९/
हा फरक ओळखण्यावर बरेच काही अवलंबून असते. पहिल्या दोन प्रकारांत सहसा चिखल जड करावा लागतो. तिसऱ्यात तो जड केला तर तो भेगांत शिरतो आणि भिंत अधिकच सुटते. म्हणजे औषध एकच, आणि निदान चुकले तर तेच अपायकारक. खापराच्या तुकड्यावरून वस्तीचा काळ ठरवणारा उत्खननकार ज्या शिस्तीने पाहतो, तीच शिस्त येथे लागते. येथे उत्तर मात्र काही तासांत द्यावे लागते, आणि खाली काम करणारी माणसे त्या उत्तरावर विसंबून असतात.

३०/
ड्रेक, हॅमिल बंधू आणि स्ट्राउड यांनी पृथ्वीवर मात केली, असे म्हणण्याची पद्धत आहे. त्यांचे काम पाहता ते वर्णन पटत नाही. त्यांनी जे काढून घेतले, त्याच्या बदल्यात तेथे काहीतरी ठेवले : लोखंड, चिखल, वजन. जेथे हा मोबदला पुरेसा होता तेथे विहीर उभी राहिली; जेथे तो कमी पडला किंवा जास्त झाला, तेथे ती गेली, आणि कधी कधी माणसेही गेली. तेलाचा इतिहास वाचताना किती खोल गेले हा आकडा अवश्य पाहावा. त्यासोबत, भिंत कशाने धरली होती, हेही विचारावे.